पेटीचा खालचा थर

वाशीच्या बाजारात आंब्याच्या पेटीचा भाव बहुतेक वेळा झाकण उघडल्यावर दिसणाऱ्या थरावरच ठरतो. दलाल वरची दोन-चार फळे उचलतो, खांदे भरले आहेत का, देठाशी खळगा पडला आहे का ते पाहतो आणि पेटी बाजूला सरकवतो. खालचा थर उपसून पाहण्याइतका वेळ त्याला नसतो आणि त्याची गरजही वाटत नाही, कारण खालची फळे वरच्यांपेक्षा लहान असणार हे त्याने गृहीतच धरलेले असते आणि तेवढी वजावट भावात आधीच झालेली असते. अशा बाजारात एखाद्याने वर-खाली सारखी फळे भरली, तर इतरांच्या खालच्या थराची वजावट त्याच्याही पट्टीत, म्हणजे दलालाकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबात, येऊन बसते. सचोटीने धंदा करावा असे सांगणाऱ्यांनी ही पट्टी एकदा तरी वाचावी, असे मला दर हंगामात वाटते.

रत्नागिरीजवळ पावस गावाच्या बाजूला आमची थोडी हापूसची कलमे आहेत आणि वर्षाचा बराचसा खर्च त्यांच्यावरच निघतो, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी केवळ चिंतनाचा नाही. पेट्या भरायला येणारे आमचे जुने गडी मोठे फळ हातात आले की ते न विचारता बाजूला ठेवत. वर लावायला म्हणून. त्यात त्यांना लबाडी वाटत नसे. लग्नाच्या ताटात डावे-उजवे असते, तशी ती पेटीची रीत होती. ‘दादा, सगळी सारखी लावलीत तर पेटी दिसायची कशी?’ हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. पेटी खरोखरच तितकीशी दिसत नाही. आता आम्ही आकारमानाप्रमाणे फळे वेगळी करतो, एका पेटीत एकाच आकाराची भरतो आणि उरलेली बारीक फळे कॅनिंगला, म्हणजे रस डबाबंद करणाऱ्या कारखान्याला, किलोवर घालतो. कॅनिंगचा भाव आणि पेटीचा भाव यांत जे अंतर पडते, तेवढी आमच्या तत्त्वाची किंमत आहे. ती दरवर्षी रोख मोजावी लागते.

खालच्या थराचा निर्णय निदान आपल्या हातात असतो. फळ झाडावरून कधी उतरवायचे, हा निर्णय त्याहून कठीण, कारण तिथे कर्ज मध्ये येते. पूर्ण तयारी सोळा आणे धरली, तर हापूस चौदा आणे तयार झाला की काढावा, असे बागायतदार सांगतात. मग त्याला झेल्याने, म्हणजे काठीला लावलेल्या जाळीने, देठासकट उतरवावे, चीक अंगावर ओघळू देऊ नये आणि भाताच्या पेंढ्याच्या अढीत सावकाश पिकू द्यावे. पण चांगला भाव असतो तो मार्चमध्ये, गुढीपाडव्याच्या आसपास, आणि पहिल्या मोहराची मोजकी फळे सोडली तर त्या वेळी बाग दहा-अकरा आण्यांवरच असते. तुडतुड्यांवर, थ्रिप्सवर फवारण्या झालेल्या असतात, औषधांच्या दुकानाची उधारी थकलेली असते, आणि दलालाने मोहर दिसताच दिलेली उचल मालाने फेडायची असते. माझ्या शेजारच्या काकांनी एका वर्षी सगळी बाग पाडव्याआधीच उतरवली. त्यांना लोभी म्हणणे सोपे आहे. अवकाळी पावसाने मागल्या वर्षीचा अर्धा मोहर गळालेला मी पाहिला होता, म्हणून मला ते जमले नाही.

असा कोवळा आंबा अढीत नीट पिकत नाही, सुरकुततो. मग कॅल्शियम कार्बाइडची पुडी येते. दमट हवेत तिच्यातून ॲसिटिलीन वायू निघतो, फळ दोन दिवसांत पिवळेधमक होते आणि आत आंबटच राहते. कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. नियंत्रित प्रमाणात इथिलीन वापरायला मात्र परवानगी आहे. गावाच्या नावाचेही तसेच. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले, तरी कर्नाटकातला आंबा देवगडच्या खोक्यातून विकला जातोच. तिकडचा आंबा वाईट असतो असे मी म्हणणार नाही. तिथल्या शेतकऱ्यानेही घामच गाळलेला असतो. त्याचे गाव पुसून त्यावर आमचे गाव लिहिणारा मधला माणूस मात्र दोघांनाही लुबाडतो.

आणि जिथे मनापासून खरे बोलायचे ठरवले, तरी खरे काय ते ठाऊकच नसते, अशीही एक जागा या धंद्यात आहे: साका. बाहेरून देखणे, वासाला अस्सल असे फळ कापावे आणि आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर निघावा. कापल्याशिवाय साका कळत नाही. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून साका न धरणारी ‘रत्ना’ जात काढली, पण गिऱ्हाईक मागते हापूसच. म्हणून आम्ही पेटीत एक चिठ्ठी घालतो: साका निघू शकतो, फोटो पाठवा, फळ बदलून देऊ. यावर एका नातेवाइकाने मला वेड्यात काढले. स्वतःच्या मालाची उणीव कोणी छापून पाठवते का, असे त्याचे म्हणणे. फोटो येतात. क्वचित एखादा फोटो मागच्या हंगामातही पाहिल्यासारखा वाटतो. तरी फळ बदलून द्यावेच लागते, कारण चिठ्ठी आपणच लिहिलेली असते.

पाडव्यासाठी पुण्याहून फोन येऊ लागतात, तेव्हा आम्ही ‘अक्षय्य तृतीयेच्या सुमारास पाठवू’ असे सांगतो. बरेच जण ‘बरं, बघतो’ म्हणून दुसरीकडून पेटी आणतात. त्यांतले काही मे महिन्यात पुन्हा फोन करतात, आधीची पेटी आंबट निघाल्याची तक्रार आमच्याकडेच करतात, आणि बोलणे संपता संपता विचारतात, ‘आता तर भाव उतरले असतील ना?’ उतरलेले असतातच. उतरल्या भावानेच त्यांना पेटी पाठवतो.