माय कूलरला चिकटली, त्यानंतर : जुन्या घराचं वायरिंग बदलताना

मे महिन्यातली दुपार. अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या आठवड्यात पारा ४५ च्या खाली उतरत नव्हता. माय कूलरच्या टाकीत पाणी ओतत होती. पायात चप्पल नाही, खाली फरशी ओली. एकदम कळशी पडल्याचा आवाज आला. मी ओट्यावरून आत धावलो तर तिचा उजवा हात कूलरच्या पत्र्यावर आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. तिला हात न लावता मी आधी प्लग ओढून काढला, तेव्हा तो हात खाली आला. “हात चिकटी गया मना,” एवढंच म्हणाली आणि कितीतरी वेळ पंज्याकडे बघत बसली.

अण्णांनी सवयीने दारामागच्या फ्यूजकडे पाहिलं. फ्यूज उडालेला नव्हता. पंखा आपला फिरतोय, दिवा चालू. माणूस चिकटला तरी फ्यूज का उडत नाही, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्या डोक्यातून जाईना.

आमचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, मागे दोन खोल्या स्लॅबच्या. धाब्यात सागवानी तुळयांना ठोकलेली लाकडी पट्टी आणि तिच्यावरून गेलेली ॲल्युमिनियमची जुनी वायर. दारामागे लाकडी बोर्ड, त्यावर चिनी मातीचे तीन किटकॅट, म्हणजे फ्यूजची तार बसवायच्या खाचा, आणि शेजारच्या खिळ्याला तांब्याच्या बारीक तारांची जुडी. फ्यूज गेला की अण्णा त्यातली एक तार काढून पिळत. कूलर आल्यापासून तो सारखा जायला लागला, म्हणून दोन पदर घातले, मग तीन. एका किटकॅटची कड जळून तपकिरी झाली होती. आम्ही ती रोज पाहत होतो.

गावातल्या वायरमनने सांगितलं, किटकॅट काढून एमसीबी (जास्त लोड झाला की आपोआप पडणारा स्विच) लावू, दोन तासांचं काम आहे. मी हो म्हणणारच होतो. पण एका मित्राने अमळनेरचे एक परवानाधारक ठेकेदार सुचवले. त्यांना मी पहिला तोच प्रश्न विचारला. ते म्हणाले, “साहेब, फ्यूज काय आणि एमसीबी काय, दोन्ही वायरीला जपतात, माणसाला नाही. साठ वॉटचा बल्ब पाव अँपिअर घेतो. माणूस मरायला त्याहून कितीतरी कमी पुरतो. तुमचा फ्यूज पंधरा अँपिअरचा, त्यात अण्णांनी तीन पदर घातलेले. तो कशाला उडेल?”

माणसासाठी लागते ती आरसीसीबी. फेजमधून, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेतून, जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून, म्हणजे परतीच्या तारेतून, परत आला की नाही, एवढंच ती बघते. फरक पडला म्हणजे करंट दुसऱ्या वाटेने, पत्र्यातून, भिंतीतून किंवा कुणाच्या अंगातून जमिनीत चालला आहे. घरासाठी ३० मिलिअँपिअरची घ्यायची. तेवढी गळती झाली की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ती सगळं तोडते. मात्र जास्त लोड आणि शॉर्टसर्किट ती सांभाळत नाही, म्हणून सोबत एमसीबी लागतेच.

ठेकेदारांनी आधी मेगर, म्हणजे वायरीचं इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावला. वायरीचं इन्सुलेशन १ मेगाओमच्या वर हवं. धाब्यातल्या एका लाइनीचा काटा जवळजवळ शून्यावर होता. मग कूलर उघडला. पंपाची वायर क्षाराने पांढरी पडून चिरलेली, तिचा उघडा भाग ओल्या पत्र्याला टेकलेला. आणि प्लगची तिसरी, जाड पिन कापून टाकलेली, कारण भिंतीतलं सॉकेट दोन भोकांचं. कापलेल्या जागी आरीचे ओरखडे दिसत होते. ती पिन म्हणजे अर्थिंग, पत्र्यात उतरलेला करंट जमिनीत नेणारी वाट. कुणी कापली हे अण्णांना आठवेना आणि मी पुन्हा विचारलं नाही.

काम चार दिवस चाललं. नवीन बोर्ड ओल्या भिंतीपासून दूर, हात पोचेल अशा उंचीवर घेतला. ३२ अँपिअरची दोन पोलची, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारी, मेन, मग ४० अँपिअरची आरसीसीबी, पुढे दिवे-पंख्यांना ६ च्या एमसीबी, स्वयंपाकघर आणि कूलरला १६ च्या. तांब्याची वायर दिव्यांना दीड एमएम, प्लगांना अडीच. वायर जितकी सोसेल त्यापेक्षा एमसीबी मोठी घ्यायची नाही; ती मोठी घेणं म्हणजे पुन्हा तीन पदर घालणंच. अर्थिंगसाठी अंगणात अडीच मीटर पाइप गाडला, कोळसा-मीठ भरलं. आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, तेव्हा अर्थिंग सुकतं, म्हणून खड्ड्यात पाणी घालत राहायचं. मीटरच्या सीलला हात लावायचा नव्हता. महावितरणच्या माणसाकडून बाहेरून सप्लाय बंद करून घेतला.

खरी परीक्षा पहिल्याच संध्याकाळी झाली. अण्णांनी गोठ्यातला बल्ब लावला आणि घर अंधारात. परत चढवलं, परत पडलं. अण्णा वैतागले. “काढी टाक ते भो, पहिलं बरं व्हतं.” ठेकेदारांनी काढलं नाही. बॅटरी घेऊन गोठ्यात गेले आणि मला बोलावलं. बल्बच्या होल्डरला घरातून एकच तार आली होती, फेजची. दुसरी तार नहाणीच्या नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळलेली. न्यूट्रल ओढायचा कंटाळा म्हणून कुणीतरी वर्षांपूर्वी केलेला उद्योग. बल्बचा सगळा करंट पाइपातून जमिनीत जायचा. पावसाळ्यात नळाला हात लावला की झिणझिण्या येतात, असं माय नेहमी म्हणायची आणि आम्ही तिला वयाचं कारण सांगायचो. त्या रात्री तो पाइप बघताना मला फार वाईट वाटलं.

ज्या घरात आरसीसीबी ‘सारखी पडते’ म्हणून काढून टाकतात, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : आधी ती कशामुळे पडते ते शोधा. एकेक एमसीबी बंद करून बघा. तरीही पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलेला असू शकतो. सिंगल पोलची एमसीबी न्यूट्रल तोडत नाही, त्यामुळे ते जाणत्या माणसाने बोर्डातले न्यूट्रल एकेक सोडवूनच सापडतं.

एक चूक आम्ही केली. खर्च हाताबाहेर जातोय म्हणून ओट्यावरची जुनी लाइन तशीच ठेवली. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात, रात्री दोनच्या सुमारास धाबं गळलं, पाणी ओट्याच्या जोडात शिरलं आणि घर बंद पडलं. मी तेव्हा धुळ्याला होतो. सकाळी अण्णांचा फोन आला : ओट्याची एमसीबी पाडून ठेवली आहे, बाकी घर चालू आहे, तू ठेकेदाराला कळव आणि येताना दीड एमएमचं बंडल घेऊन ये.