संपादकाविना कथा
आज दुपारी अप्पा बळवंत चौकात एका परिचित प्रकाशकांशी बोलताना कळले की, नवोदित लेखकाचा कथासंग्रह स्वीकारण्यापूर्वी ते आता त्याला ऑनलाइन किती वाचक आहेत, हे आधी विचारतात. मला ते फारसे खटकले नाही. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथा पुस्तकात येण्यापूर्वी बहुधा अंकांतूनच वाचकांसमोर आली आहे, ती जागा ‘प्रतिलिपी’सारख्या ऑनलाइन लेखन-वाचन मंचांनी काही अंशी घेतली, एवढेच. फरक आहे तो संपादकाचा. अंकाचा संपादक कथा साभार परत करी, आणि ते परत येणे (कितीही जिव्हारी लागले तरी) लेखकाला पुनर्लेखनास भाग पाडत असे. मंचावर मात्र भाग लिहून होताच प्रसिद्ध होतो, लगेच पुढच्या भागाची मागणी येते आणि कथानक उगीचच लांबत जाते. अशी मालिका जशीच्या तशी छापली, की तिच्यातील पुनरुक्ती उघडी पडते. मागणीनुसार मोजक्या प्रती छापता येऊ लागल्यामुळे गोदामाचा खर्च वाचतो, हे खरे. परंतु संपादनाचा खर्च कोणी करायचा, असे विचारताच ‘लेखकानेच’ असे उत्तर मिळाले, आणि ते मला मुळीच पटलेले नाही.