कुठं जायलीस, माय?

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा असा शाळेचा निरोप आला आणि मला आठवीतलं गॅदरिंग आठवलं. आम्ही नाथांचं विंचवाचं भारूड बसवलं होतं. शाळेच्या पटांगणात पुढं सतरंज्यांवर पोरं, मागं खुर्च्यांवर पालक. भारूड ऐन रंगात आलं आणि लाइट गेली. माइक मुका झाला. मी घाबरून ओरडायला लागलो, दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. तेवढ्यात मराठीचे सर विंगेतून कंदील घेऊन आले. तो माझ्या पायाशी ठेवला आणि वाकून म्हणाले, "ओरडू नको. आवाज खाली घे. ज्याला ऐकायचंय तो पुढं सरकंल." लोक खरंच सरकले. मागचे पालक खुर्च्या सोडून सतरंजीच्या कडेला येऊन उभे राहिले. उरलेलं भारूड मी जवळजवळ बोलल्यासारखं म्हटलं आणि पटांगणात कुणी खोकलंसुद्धा नाही.

दहावी १९९८ ला झाली. पुढं पुण्याला इंजिनिअरिंग. हॉस्टेलवर पहिल्याच आठवड्यात माझ्या तोंडून "का"च्या जागी "कामून" निघालं आणि खोलीत हशा पिकला. मग माझ्या "करायलो", "जायलो"ची रोज नक्कल व्हायची. ते फार लागलं. मी बोलणंच कमी केलं. त्याच दिवसांत एका सीनियरच्या खोलीत डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम फाडलेली इलेक्ट्रिक गिटार ऐकली. छातीच्या पिंजऱ्यात घुमणारा असा आवाज त्याआधी एकदाच ऐकला होता, आपल्या परभणीच्या उरुसात, तुराबुल हक साहेबांच्या दर्ग्याजवळ, रात्रीच्या कव्वालीला लाउडस्पीकरला खेटून उभं राहून. सहा महिन्यांत आमचा बँड झाला आणि मी त्याचा गायक. गाणी सगळी इंग्रजी. इंग्रजीत गाणाऱ्याला कुणी गाव विचारत नाही, याचा मला केवढा आधार वाटायचा! बारा वर्षं गायलो. ड्रमर काड्यांवर चार मोजतो आणि पाचव्याला चौघं एकदम उतरतात, त्या क्षणाइतकं सुख मला दुसऱ्या कशानं दिलेलं नाही, हे आजही मनापासून सांगतो.

ड्रमर परदेशी गेला, बँड थांबला. आमचा एक कार्यक्रम पाहिलेल्या दिग्दर्शकानं मराठी सिनेमात काम करशील का म्हणून विचारलं. भूमिका एसटी कंडक्टरची, गाणं एकही नाही.

गाण्यातून सिनेमात गेलेली माणसं मी तेव्हा झपाटल्यासारखी पाहिली. मिक जॅगर १९७० साली पडद्यावर आला, डेव्हिड बोवी १९७६ साली. बोवीनं तर मला हलवून सोडलं. स्टेजवर एवढे रंग उधळणारा माणूस कॅमेऱ्यापुढं किती स्थिर राहतो! आपल्याकडं २००८ च्या 'रॉक ऑन'मध्ये ल्यूक केनी होता. तो खऱ्या आयुष्यात बँडचा गायक, पण सिनेमात मागं उभा राहून कीबोर्ड वाजवणारा अबोल मित्र. पण सगळ्यात जास्त विचार केला तो बालगंधर्वांचा. १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त, व्ही. शांतारामांच्या दिग्दर्शनाखाली, त्यांनी आपल्या पैठणच्या नाथांचीच भूमिका केली. आयुष्यभर स्त्रीभूमिकांनी महाराष्ट्राला वेड लावलेला तो नट पडद्यावर पुरुष होऊन आला आणि पुढं पुन्हा रंगभूमीकडंच वळला. मला त्यांचं दुःख कळतं असं वाटतं. कॅमेरा वन्समोअर देत नाही. तो रीटेक मागतो, आणि त्या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

शूटिंग जिंतूर रस्त्यावर. जुनी लाल गाडी, माझ्या हातात तिकिटांचा ट्रे आणि पंच. गोष्ट तिकिटाचं मशीन येण्याच्या आधीच्या काळातली. संवाद जागेवरच रेकॉर्ड होत होते, नंतर डबिंग नव्हतं. पहिल्या टेकला मी बोलता बोलता पंच दांडीवर टकटक वाजवला, खरे कंडक्टर वाजवतात तसा. साउंड रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढला. टक शब्दावर पडली तर तो शब्द वेगळा काढता येत नाही, एडिटरला वाक्य कापताच येत नाही, असं त्यांनी समजावलं. ते मला लगेच समजलं. गायकाच्या शब्दावर स्नेअर ड्रमचा ठोका पडला की शब्द मरतो, हे बारा वर्षं शिकलो होतो. पुढच्या टेकला टक दोन शब्दांच्या मधल्या फटीत बसवली. मग तेच क्लोजअपमध्ये, पुन्हा त्याच फटीत, कारण दोन्ही शॉट जोडायचे असतात. रियाजाचा असा उपयोग होईल हे कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता.

अडलं ते वाक्याला. सीटवर एक म्हातारी. कागदावर वाक्य होतं, "कुठे जायचंय, आजी?" मी ते स्वच्छ, स्टेजवरच्या आवाजात म्हटलं. पाच टेक झाले. दिग्दर्शक जवळ येऊन बसले. "तुझ्या गावाकडं कसं विचारतात?" माझे कान तापले. हॉस्टेलची ती खोली डोळ्यांपुढं आली. आणि तिच्या मागोमाग, इतक्या वर्षांनी, सरांचा कंदील. मी आवाज खाली घेतला. "कुठं जायलीस, माय?" एक टक. ती म्हातारी तिथलीच होती, कलाकार नव्हती. तिनं संवाद सोडून खरंच सांगितलं, "लेकीकडं चाललेव रं बाबा, जितूरला." तोच टेक सिनेमात आहे.

त्यानंतर सात सिनेमे झाले. गाणंही सुरू आहे. दोन गाणी आता आपल्या बोलीत केलीत, त्यात "कामून" आहे.

सरांना तो सिनेमा त्यांच्या घरी जाऊन लॅपटॉपवर दाखवला. आता त्यांना कमी ऐकू येतं. बसचा सीन आला तेव्हा मी आवाज वाढवायला हात पुढं केला. सरांनी माझा हात धरून ठेवला आणि खुर्ची पुढं ओढली.

महोत्सवाच्या दिवशी यंदाच्या आठवीच्या पोरांबरोबर ते भारूड पुन्हा म्हणणार आहे. एवढा वेळ माइक बंद ठेवावा, अशी समितीला विनंती आहे.

– एक माजी विद्यार्थी, दहावी १९९८