पाऊस, कांदाभजी आणि दहा मिनिटांची हिमनदी

डिसेंबरच्या सुट्टीत न्यूझीलंडला गेलो होतो, साऊथ आयलंड, कॅम्परव्हॅन घेऊन. आम्ही दोघं, दोन पोरं आणि सासूबाई. सहा जणांची व्हॅन म्हणून घेतली पण सहा जण तिच्यात फक्त झोपू शकतात, एकाच वेळी उभे राहू शकत नाहीत हे पहिल्याच रात्री कळलं.

होकिटिकाला बीचवर आइस्क्रीम खाल्लं तेव्हा छान ऊन होतं. तिथून हिमनदीजवळचं गाव फ्रान्झ जोसेफ साधारण 135 किलोमीटर, निम्म्या वाटेत जो पाऊस सुरू झाला तो पुढचे अडीच दिवस थांबलाच नाही. आणि हा रस्ता म्हणजे दर थोड्या वेळाने एकपदरी पूल, लाल छोटा बाण आपल्याकडे असेल तर थांबायचं, समोरच्याला आधी जाऊ द्यायचं. नवरा प्रत्येक पुलाआधी "बाण कुठला, बाण कुठला" असं ओरडायचा आणि काचेवर पाणी इतकं की मला पूलच दिसत नव्हता तर बाण कुठून दिसणार!

आई (म्हणजे सासूबाई) मात्र मजेत. त्या आंबोलीजवळच्या. खिडकीला नाक लावून म्हणाल्या, "ह्यो काय पाऊस? आमच्या आंबोलीत ह्याच्या दुप्पट पडता." दुप्पट नाही हो, पण फ्रान्झ जोसेफला वर्षाला चार-पाच मीटर आणि आंबोलीला सातच्या आसपास, म्हणजे त्या जिंकल्याच. कारणही तेच आहे, समुद्रावरचे ढग डोंगराला आपटतात आणि रिकामे होतात, आपल्याकडे सह्याद्री, तिकडे सदर्न आल्प्स. फरक एवढाच की तिथले डोंगर तीन हजार मीटरच्या वर जातात, मग खाली पाऊस आणि वर बर्फ, तो साठून दबत जातो आणि त्याचीच हिमनदी होऊन खाली सरकते, पार जंगलापर्यंत. ट्री फर्नच्या झाडीत उभं राहून बर्फ बघायचा, हे त्या जागेचं वेड आहे. म्हणजे ज्या पावसाला आम्ही शिव्या देत होतो तो नसता तर बघायला काही नसतंच.

पण दिसायला तर हवं ना! हेलिकॉप्टर ढगात उडत नाही, आमचं बुकिंग दोनदा कॅन्सल, पैसे परत मिळाले म्हणून नवरा खूश. आता बर्फावर पाय ठेवायचा तर हेलिकॉप्टरच लागतं, कारण 2008 नंतर हिमनदी झपाट्याने मागे गेली आणि 2012 पासून पायी थेट वर नेणं बंद झालं. शेजारच्या फॉक्स हिमनदीला तर 2019 मध्ये दरडी कोसळून दरीतला रस्ताच कायमचा बंद केला. त्याच वर्षी मार्चमध्ये फ्रान्झ जोसेफजवळचा वायहो नदीवरचा पूल वाहून गेला होता, त्याच्या जागी उभारलेल्या पुलावरून आम्ही गेलो तेव्हा खाली पिठाच्या पाण्यासारखं राखाडी पाणी घुसळत होतं आणि मी उगाच पाय वर उचलून बसले होते.

मग दोन दिवस व्हॅनमध्ये. ओल्या मोज्यांचा वास, काचांवर वाफ, पोरांचा पत्त्यांवरून तंटा. दुसऱ्या दिवशी दुपारी आईंनी कांदाभजी काढली (बेसन आणलेलं, एअरपोर्टला सगळा डबा डिक्लेअर केला होता, आमच्या बुटांची मातीसुद्धा तपासली त्यांनी). तिसऱ्या घाण्याला स्मोक अलार्म वाजला, नवऱ्याने घाईत छताची खिडकी सताड उघडली आणि तिथे साचलेलं बादलीभर पाणी थेट माझ्या गादीवर. भजी वाचली. अलार्म टॉवेलने वारा घालून घालून बंद केला, शेजारच्या व्हॅनमधले आजोबा छत्री घेऊन बघायला आले आणि चार भजी खाऊन गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला पाऊस उघडला. कार पार्कपासून सेंटिनेल रॉकवर धापा टाकत चढलो, आणि ढग बाजूला झाले. दहा मिनिटं, फार तर बारा. लांब वर हिमनदी, निळसर, खाली कडेला मळलेली. धाकटी म्हणाली "एवढीच?" मी काही बोलले नाही कारण माझ्याही मनात तेच आलं होतं, पण आई हात जोडून उभ्या होत्या. तिथले माओरी लोक हिला 'हिने हुकातेरे' नावाच्या मुलीचे अश्रू म्हणतात, तिचा प्रियकर डोंगरात हिमलोटात गेला म्हणून ती रडली आणि ते गोठले. हे वाचून दाखवलं तर आई म्हणाल्या, "बाई गो, केवढी रडली."

मग हास्ट पास हा घाट ओलांडला आणि डोंगराच्या पलीकडे कडकडीत ऊन, पिवळं गवत, महाबळेश्वरहून फलटणकडे उतरल्यासारखं. वानाका तलावाच्या काठी व्हॅन लावली आणि आरशांवर, दारांवर, झुडपांवर सगळं वाळत घातलं, आईंची नऊ हातांची साडीसुद्धा. मोठ्याचा एक मोजा अजून सापडलेला नाही.