मुख्य अर्जदार कोण?

ऑस्ट्रेलियाच्या स्किल्ड मायग्रेशनच्या, म्हणजे कौशल्याचे गुण मोजून मिळणाऱ्या व्हिसाच्या, फायली तयार करायचं काम मी पुण्यात करते. येणाऱ्या बहुतेकांची समजूत ठरलेली असते: डिग्री आहे, दहा वर्षांचा अनुभव आहे, म्हणजे आपण बसतोच. डिग्री कशातली आणि काम कशातलं, हे दोन्ही जुळतं का, याचा विचार आधी कोणी केलेला नसतो.

२०२२ मधल्या एका शनिवारी हिंजवडीत नोकरी करणारा एक जण बायकोला घेऊन आला. वय ३३, शिक्षण बीई मेकॅनिकल, आणि २०१२ पासून काम मात्र सगळं सॉफ्टवेअरचं. व्हिसासाठी संगणकवाल्यांचं शिक्षण आणि अनुभव तपासणाऱ्या ऑस्ट्रेलियन कॉम्प्युटर सोसायटीचं, म्हणजे एसीएसचं, पत्र आलं होतं. सॉफ्टवेअर इंजिनिअर म्हणून त्याचं मूल्यांकन पास झालं होतं, तरी चेहरा उतरलेला.

"मॅडम, दहातली चारच वर्षं धरलीत. मग सहा वर्षं मी काय गोट्या खेळत होतो?"

डिग्री संगणकाची नसेल तर एसीएस असं मानते की हे काम तुम्ही नोकरीत राहून शिकलात. त्यासाठी त्याने दोन प्रोजेक्ट रिपोर्ट लिहून दिले होते. त्या मार्गाने पहिली सहा वर्षं पात्रता मिळवण्यात खर्ची पडतात आणि गुण मिळतात ते त्यापुढच्या वर्षांचे. परदेशातल्या आठ वर्षांच्या अनुभवाला १५ गुण, पाचला १०, तीनला ५. त्याने १५ धरले होते, मिळाले ५. हा नियम कडक आहे, पण त्यामागे विचार आहे, असं माझं मत आहे. चीड येते ती याची, की पैसे भरून घेताना त्याला हे कोणीच सांगितलेलं नव्हतं. तो दुसरीकडून फिरून माझ्याकडे आला होता.

मी बेरीज मांडली. वयाचे २५ (३३ पूर्ण झाले की ३० चे २५ होतात), डिग्रीचे १५, इंग्रजीचे १०, अनुभवाचे ५, आणि बायकोचंही मूल्यांकन करून घेतलं तर जोडीदाराचे १०. एकूण ६५. कागदोपत्री ६५ ला माणूस पात्र ठरतो. पण निमंत्रणं जास्त गुणवाल्यांपासून सुटतात, आणि सॉफ्टवेअरच्या रांगेत ६५ ला कोण विचारतो?

ती तोवर एक शब्द बोलली नव्हती. जोडीदाराच्या गुणांसाठी दिलेल्या पीटीई या इंग्रजीच्या परीक्षेचा तिचा निकाल फाइलमध्ये मागे लावलेला होता. चारही विभागांत ७९ च्या वर. म्हणजे तेव्हाच्या नियमाने इंग्रजीचे २० गुण. मी विचारलं, "ताई, तुमचं शिक्षण?"

"बीई कॉम्प्युटर. २०१३ ला लागले. डेव्हलपरच आहे मी पण. मुलीच्या वेळी वर्षभर घरी होते."

वय ३१, म्हणजे वयाचे पूर्ण ३० गुण. डिग्री संगणकाची आणि काम त्याच विषयातलं, म्हणून एसीएस तिची दोनच वर्षं कापणार. मधलं वर्ष वगळून उरतात सहा, म्हणजे १० गुण. डिग्रीचे १५, इंग्रजीचे २०, आणि नवऱ्याचं मूल्यांकन पास आहे म्हणून जोडीदाराचे १०. बेरीज ८५. कागद दोघांपुढे सरकवला. तो बराच वेळ आकड्यांकडे बघत राहिला आणि मग तिला म्हणाला, "अगं, मग आपण तुझाच अर्ज का नाही केला?" अर्ज पुरुषाच्या नावाने करायचा, बायको सोबत जाणार, हे घरात न बोलताच ठरलेलं होतं. अशी घरं मी सतत बघते.

अडचण पुढेच होती. तिची २०१३ ते २०१७ ची नोकरी कोल्हापुरातल्या एका छोट्या फर्मची, आणि ती फर्म बंद पडलेली. ती चार वर्षं सिद्ध झाली नाहीत तर दोन वर्षं कापून उरतात दोनच, आणि अनुभवाचे गुण शून्य. हातात होतं एक रिलीव्हिंग लेटर: अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामाला होत्या, वर्तणूक चांगली, पुढील वाटचालीस शुभेच्छा. एसीएसला शुभेच्छा नकोत. पद काय, पूर्णवेळ की अर्धवेळ, कोणत्या भाषेत कोड लिहिला, टेस्टिंग कोण करायचं, हे तिथे लागतं. माणसं वीसपेक्षा कमी, त्यामुळे पीएफ नाही. पगार कराच्या मर्यादेखाली, त्यामुळे टीडीएस नाही आणि कापलेल्या कराची नोंद दाखवणारा फॉर्म २६एएस कोरा.

तिने तिथूनच वडिलांना फोन लावला. ते शिरोळला असतात, सरकारी नोकरीतून निवृत्त. त्यांनी मुलीचं आयटी रिटर्न दरवर्षी भरलं होतं, कर लागत नसतानाही, आणि पोचपावत्या जपून ठेवल्या होत्या. सहकारी बँकेचं पासबुकही होतं. चार दिवसांनी ते कुरिअरने आलं. प्लास्टिकच्या कव्हरमध्ये, शिवण उसवलेलं, पण दर महिन्याच्या सात-आठ तारखेला फर्मच्या नावाने जमा झालेला पगार स्पष्ट छापलेला. मी प्रत्येक नोंदीखाली पेन्सिलने रेघ मारली.

कामाच्या तपशिलासाठी तिचे तेव्हाचे टीम लीड शोधले. ते आता बंगळुरूला असतात, पण गणपतीला गावी आले होते. कोल्हापुरात शंभराच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीसमोर, त्यांनी ती काय काम करत होती ते मुद्देसूद लिहून दिलं. उपकार म्हणून नाही. "तिने केलंय ते लिहितोय" एवढंच ते म्हणाले. काही फायलींत मी नसलेली कामं घुसडलेली पत्रं पाहिली आहेत. ती पकडली जातात, आणि तीन वर्षं व्हिसाचं दार बंद होऊ शकतं. म्हणून त्या प्रतिज्ञापत्रातला एकेक मुद्दा मी तिच्याकडून तपासून घेतला. एक मुद्दा तिने स्वतःच काढायला लावला. डेटाबेस डिझाइन तिचं नव्हतं, ती फक्त क्वेरी लिहायची.

एसीएसचं पत्र आलं तेव्हा कोल्हापूरची चारही वर्षं धरलेली होती आणि २०१५ नंतरचा अनुभव कुशल म्हणून मान्य झाला होता. ईओआय, म्हणजे निमंत्रणाच्या रांगेत नाव लावायचा अर्ज, तिच्या नावाने भरला. जोडीदाराच्या रकान्यात नवऱ्याच्या त्याच पत्राचा क्रमांक टाकला, ज्यात त्याची सहा वर्षं कापली होती. त्याचे १० गुण लागले आणि बेरीज ८५ झाली.