बर्ड फ्लूत मेलेल्या कोंबड्या मोजतात, जिवंत कोंबड्यांचं काय?

बर्ड फ्लूची बातमी आली की आकडा एकाच प्रकारचा असतो, इतके हजार पक्षी मेले आणि इतके लाख मारून पुरले, बस्स. मी बरीच वर्षं छोट्या पोल्ट्रीवाल्यांचे हिशोब लिहितोय, म्हणजे खाद्याची बिलं, पिल्लांचे पैसे, औषधं, लाईट, बँकेचा हप्ता वगैरे, त्यामुळे ती बातमी वाचताना डोकं आपोआप दुसरीकडेच जातं. ज्याच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी पडला नाही त्याचं काय झालं? कारण वही उघडून बघितली तर मोठा खड्डा बऱ्याचदा तिथेच पडलेला असतो आणि त्याची बातमी कधीच होत नाही.

ब्रॉयलर, म्हणजे मांसासाठी वाढवलेली कोंबडी, हा थांबवून ठेवायचा माल नाहीये. साधारण ३५ ते ४२ दिवसांत पक्षी दोन किलोच्या आसपास जातो आणि तेव्हाच तो उठला पाहिजे, आठवडाभर गोदामात टाकून भाव आल्यावर काढू असं चालत नाही. समजा हजार पक्ष्यांचं शेड आहे, उद्या पहाटे गाडी येणार ठरलंय आणि रात्री कुठेतरी लांब, पार दुसऱ्या टोकाला, बर्ड फ्लू सापडल्याची बातमी लागते. व्यापारी फोन उचलत नाही. उचललाच तर म्हणतो, दोन दिवस थांब, मार्केट बघू. आता त्या वयाचे हजार पक्षी दिवसाला दीड-पावणेदोनशे किलो खाद्य संपवतात, ते काही मार्केट बघत बसत नाहीत. खाद्य तोडावं तर वजन उतरतं आणि पक्षी एकमेकांना टोचायला लागतात, चालू ठेवावं तर जेवढं खातात त्या मानाने वजन वाढत नाही, म्हणजे रोजचं पोतं निव्वळ अंगावर. वजन वाढल्यामुळे शेडमध्ये जागा कमी पडायला लागते, लिटर, म्हणजे खाली अंथरलेला भुसा, ओलं होतं, अमोनियाने डोळे चुरचुरतात, दुपारच्या उष्म्यात सगळ्यात वजनदार पक्षी आधी जातात. मग त्या मेलेल्यांसाठी शेडमागे खड्डा खणावा लागतो, आणि तो खड्डा शेजारचा बघतो, झालं! संध्याकाळपर्यंत आसपास सगळीकडे पसरतं की यांच्याकडे पण आला. आलेला काहीच नसतो, उकाड्याने मेलेत.

शेवटी माल जातो, पण मिळेल त्या भावात, आणि घेणारा पण "बाबा उपकार करतोय तुझ्यावर" अशा थाटात घेतो. खाद्यवाल्याची उधारी मात्र पूर्ण भावाची असते, तिला बर्ड फ्लू माहीत नसतो.

आणि हे फक्त अडाणी-अफवावाल्या देशांत होतं असं कुणाला वाटत असेल तर २००६ चं इटली बघा. फेब्रुवारीत तिथे जंगली हंसांमध्ये एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचा व्हायरस, सापडला, पोल्ट्रीत नाही, तरी काही दिवसांत चिकनचा खप ७० टक्क्यांपर्यंत खाली आला. २०२० मध्ये भारतात तर बर्ड फ्लूचीसुद्धा गरज पडली नाही, कोंबडीतून कोरोना येतो अशा फॉरवर्डनी काम केलं, लोकांनी पक्षी फुकट वाटले, काहींनी जिवंत पुरले. खरं तर नीट शिजवलेल्या चिकनमधून, अंड्यातून बर्ड फ्लूचा व्हायरस येत नाही, आतपर्यंत ७० डिग्री सेल्सिअस तापमान गेलं की तो संपतो. सरकारं पण दर वेळी हे सांगतात, मंत्री कॅमेऱ्यासमोर चिकन खाऊन दाखवतात आणि भाव मात्र त्याच्या हिशोबाने, सावकाश वर येतो.

बरं, आता ज्याच्याकडे खरंच आला त्याचं. भरपाई मिळते ना, मग कशाला रडता असं म्हणणारे भेटतात मला. भरपाई कशाची मिळते ते बघा. भारतात काय, अमेरिकेत काय, मूळ नियम असाच आहे की सरकारी टीमने मारलेल्या पक्ष्यांचे पैसे मिळतात, टीम यायच्या आधी रोगाने मेलेल्यांचे नाहीत (भारतात नष्ट केलेली अंडी आणि खाद्य धरतात, तेवढं बरं). आता हा व्हायरस कसा आहे, तर कोंबड्यांच्या शेडमध्ये घुसला की ४८ तासांत ९० ते १०० टक्के पक्षी जाऊ शकतात. तुरे निळे-जांभळे पडतात, डोकं सुजतं, काही तर काहीच लक्षण न दाखवता सकाळी आडवे दिसतात. म्हणजे पहिल्या दिवशी कळवलं, डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले, सॅम्पल लॅबला गेलं, भारतात ते भोपाळच्या लॅबला जातं, रिपोर्ट येईपर्यंत निम्मं शेड गेलेलं. त्या निम्म्याचे शून्य. म्हणजे सिस्टीमला लागलेल्या प्रत्येक दिवसाचे पैसे पोल्ट्रीवाल्याच्या खिशातून जातात, आणि वर लोक विचारतात की हे लोक लपवतात का.

लपवतात कारण हिशोब तसाच निघतो. चार पक्षी मेले, शंका आली, तर एक रस्ता म्हणजे कळवायचं, सगळं शेड मारून घ्यायचं, आजूबाजूच्यांच्या पण कोंबड्या मारल्या जाणार, भारतात एक किलोमीटरच्या आतल्या, त्यामुळे त्यांच्या शिव्या खायच्या आणि पैशाची वाट बघायची. दुसरा रस्ता म्हणजे आज रात्रीच मिळेल त्या भावात माल उठवायचा. दुसरा रस्ता चूक आहे, धोक्याचा आहे, त्याच गाडीतून, त्याच पिंजऱ्यांतून आणि ट्रेमधून व्हायरस पुढच्या दहा शेडमध्ये जातो हे सगळं मान्य. पण डोक्यावर कर्ज घेऊन बसलेल्या माणसाला नुसती जनजागृती करून पहिल्या रस्त्यावर आणता येत नाही, पटकन आणि बाजारभावाच्या जवळ जाणारे पैसे दिले तरच येतो, माझं तरी स्पष्ट मत आहे.

कराराने पक्षी वाढवणाऱ्याची तर आणखी वेगळी गंमत. पिल्लं कंपनीची, खाद्य कंपनीचं, याचं फक्त शेड, लाईट आणि घरादाराचे कष्ट, मिळते ती वाढवणुकीची मजुरी. मग पक्षी मारले तर भरपाई कुणाची? कागदावर मालक कंपनी. अमेरिकेत २०१४-१५ च्या साथीत जवळपास पाच कोटी पक्षी गेले, त्यानंतर २०१६ मध्ये कुठे त्यांनी नियमात घातलं की भरपाई मालक आणि वाढवणारा यांच्यात वाटली जावी. करारावर सही करताना या एका कलमाबद्दल विचारणारा माणूस मी क्वचितच बघितलाय, सगळे किलोमागे मजुरी किती एवढंच बघतात.

आणि हे झालं शेडवाल्यांचं. ज्यांच्याकडे अंगणात पाच-दहा कोंबड्या आहेत त्यांना तर आपण पोल्ट्रीवाले म्हणतच नाही. जगात बऱ्याच ठिकाणी या कोंबड्या घरातल्या बाईच्या असतात, अंडी विकून आलेला पैसा तिच्या हातात राहतो, वह्या-पुस्तकं, औषध, अडीनडीला एखादा कोंबडा विकायचा, नवऱ्याकडे मागायला नको. कलिंगची, म्हणजे पक्षी मारणारी सरकारी टीम आली की ते सगळं एका दुपारी संपतं. पांढऱ्या किटमधली माणसं दारात, कोंबडी घराच्या पत्र्यावर चढलेली, पोरं रडतायत, आणि ती बाई खुराड्याच्या दारात उभी राहून सांगतेय की हिला काही झालेलं नाही, बघा की कशी पळतेय! आणि ती खरंच पळत असते. २००८ मध्ये पश्चिम बंगालात जी साथ आली ती मुख्यतः अशाच घरगुती कोंबड्यांमध्ये होती आणि तिथे हेच झालं, लोक द्यायला तयार नव्हते, कोंबड्या लपवल्या. २००६ ची आपल्या नंदुरबारमधल्या नवापूरची साथ त्या मानाने सोपी म्हणायची, तिथे निदान मोठमोठी शेडं होती, मोजता येत होती. इजिप्तमध्ये २००६ मध्येच घराच्या गच्चीवर कोंबड्या पाळायला बंदी आणली, पण गच्चीवरच्या कोंबड्या हेच ज्यांचं मटण-अंडं आणि कमाई, ते बंदी ऐकून कसे थांबतील? पाळणं चालूच राहिलं, फक्त लपून, आणि तिथे माणसांना जी लागण झाली त्यात बायका आणि लहान मुलं खूप होती कारण कोंबड्यांचं करणार तेच.

व्यापाराची बाजू तर त्याहून विचित्र आहे. ज्याने आयुष्यात एक किलो चिकन परदेशी पाठवलं नाही तो पण त्यात मार खातो. २०२५ च्या मे महिन्यात ब्राझीलमध्ये, म्हणजे जगातला सगळ्यात मोठा चिकन एक्स्पोर्टर, रिओ ग्रांदे दो सुल राज्यात एका ब्रीडर फार्मवर (जिथे पिल्लांसाठी अंडी देणाऱ्या कोंबड्या ठेवतात) पहिल्यांदाच कमर्शियल पक्ष्यांत बर्ड फ्लू निघाला. एक फार्म. चीनने अख्ख्या देशाचं चिकन बंद केलं, काही देशांनी फक्त त्या भागापुरतं. एक्स्पोर्ट असा अडकला की तो माल कुठे जाणार, देशातच उतरणार, आणि मग कोपऱ्यातल्या शंभर पक्षीवाल्याचा भाव पण खाली जातो. थायलंडचं उदाहरण जुनं आहे पण भारी आहे. २००४ च्या जानेवारीत त्यांनी रोग जाहीर केला, जपान आणि युरोपने कच्चं चिकन थांबवलं, तर मोठ्या कंपन्या सरळ शिजवलेल्या चिकनकडे वळल्या आणि टिकल्या. युरोपने कच्च्याला परत दार उघडलं ते थेट २०१२ ला. तेवढ्या काळात बंद शेड, जाळ्या, येण्याजाण्याचे नियम, मोकळी बदकं शेतात चारायला बंदी असं सगळं आलं, आणि हे सगळं करायला पैसा लागतो, तो ज्याच्याकडे होता तो धंद्यात राहिला.

मग लस का देत नाहीत, हा प्रश्न प्रत्येकजण विचारतो. देतात, चीन, व्हिएतनाम, इजिप्त बरीच वर्षं देतायत. अडचण अशी की लस दिलेल्या कळपात व्हायरस गुपचूप फिरत राहिला तर कळणार कसं, अशी घेणाऱ्या देशांना भीती असते. फ्रान्सने २०२३ च्या ऑक्टोबरपासून बदकांना लस द्यायला सुरुवात केली तर अमेरिकेने लगेच आयातीवर निर्बंध घातले. म्हणजे लस द्यायची का हा निर्णय एक्स्पोर्ट करणारे आणि न करणारे यांच्यातल्या भांडणात अडकतो, आणि छोटा माणूस त्या मीटिंगमध्ये नसतोच. एक नियम मात्र त्यातल्या त्यात शहाणपणाचा आहे. जागतिक पशुआरोग्य संघटनेने २०२१ मध्ये पोल्ट्रीची व्याख्या बदलली, घरच्यापुरत्या पाळलेल्या, ज्यांची अंडी-मांस घरातच खाल्लं जातं आणि ज्यांचा फार्मशी संबंध येत नाही अशा कोंबड्या त्यात धरायच्या नाहीत, त्यामुळे कुणाच्या अंगणात दोन कोंबड्या मेल्या म्हणून अख्ख्या देशाचा व्यापार बंद करायला नको. आता त्याच बाईने चार अंडी शेजारी विकली की ती परत पोल्ट्रीवाली!

साथ संपल्यावर तरी बरं होत असेल असं वाटतं ना? नाही. शेड धुवायचं, चुना मारायचा, औषध फवारायचं, मग नियमाप्रमाणे रिकामं ठेवायचं, हप्ता चालू. परवानगी मिळाली की सगळे एकदमच पिल्लं मागायला निघतात आणि हॅचरीकडे पिल्लं नसतात, कारण साथीच्या काळात मागणी नव्हती म्हणून त्यांनी उबवायची अंडी विकून टाकली किंवा ब्रीडर कोंबड्याच कमी केल्या, आणि अंड्यातून पिल्लू यायला २१ दिवस लागतात ते कुणाला घाई आहे म्हणून कमी होत नाहीत. म्हणजे पिल्लू महाग मिळतं. मग सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात तयार होतो आणि भाव परत पडतो, हा दुसरा फटका, याला बातमीत बर्ड फ्लू कुणी म्हणत नाही. लेयरवाल्याचं, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळणाऱ्याचं, अजून लांबतं, नवी पिल्लं आणली तरी पहिलं अंडं दिसायला साडेचार-पाच महिने, तोपर्यंत नुसतं खायला घालायचं.

माझ्याकडे जे हिशोबाला येतात त्यांना मी एवढंच सांगतो की रोजची मर लिहा. तारीख, सकाळी किती पक्षी, मेले किती, खाद्याची पोती किती, आणि पिल्लं आणल्याची पावती त्याच वहीत चिकटवा. कळवलंत तर कुणाला, किती वाजता कळवलं ते पण लिहा आणि शक्य असेल तर लेखी द्या, नुसता फोन नको. टीम आल्यावर मोजणी तुमच्या डोळ्यांसमोर होऊ दे, शेडच्या बाहेर किट घालून उभं राहावं लागलं तरी चालेल, आणि कागदावर आकडा बघितल्याशिवाय सही करू नका. मारायच्या आधी शेडचे फोटो काढून ठेवा, अंड्यांचे ट्रे आणि खाद्याची पोती पण त्यात येऊ द्या, त्यांची भरपाई असते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. कराराने पाळत असाल तर कंपनीच्या सुपरवायझरला आत्ताच, शेडमध्ये सगळं ठीक असताना, विचारून घ्या की उद्या कलिंग झालं तर मला काय मिळणार, आणि उत्तर तोंडी दिलं तर करारात कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणा.