टाचेत काटा, जांघेत अवधाण

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असं शाळेचं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे आल्या त्या आपल्या जीवशास्त्राच्या बाईच. इतर गुरुजनांनी रागावू नये.

नववीत असताना आमच्या वर्गातला एकजण लंगडत आला. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, जांघेत अवधाण, म्हणजे दुखरी गाठ, आलेलं. बाईंनी चालू धडा बाजूला ठेवून विचारलं, "काटा टाचेत, मग गाठ जांघेत कशी?" वर्ग गप्प. मग फळ्यावर माणूस काढून त्यांनी टाचेपासून जांघेपर्यंत रेघ ओढली. पेशींभोवती झिरपलेला द्रव लसीकावाहिन्या नावाच्या बारीक नळ्यांत शिरतो. त्याला वर चढवायला हृदय नाही. चालता-फिरताना स्नायू या वाहिन्यांना दाबतात आणि वाहिन्यांतल्या झडपा त्याला मागे येऊ देत नाहीत. वाटेतल्या लसीका ग्रंथींत जंतू अडतात, तिथल्या लसीका पेशी भराभर वाढतात, म्हणून गाठ सुजते. "दुखतंय ना? म्हणजे काम चालू आहे," असं म्हणून बाईंनी त्याला धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात धाडलं.

उरलेला तास रशियन प्राणिशास्त्रज्ञ मेचनिकॉव्ह यांचा. १८८२ साली सिसिलीतल्या मेसिनाला त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. सकाळी पाहतात तर काट्याभोवती पेशींचा गराडा! त्यातून जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशींची कल्पना उभी राहिली आणि १९०८ चं नोबेल त्यांना पॉल एर्लिख यांच्यासोबत मिळालं. आमच्या पुस्तकात यातली एक ओळ नव्हती.

आज मी पॅथॉलॉजिस्ट आहे, तो त्या तासामुळे. मानेच्या गाठीत सुई घालून काढलेल्या पेशी तपासणं हे माझं रोजचं काम. गंडमाळेत, म्हणजे ग्रंथींच्या क्षयात, भक्षक पेशी एकमेकींना खेटून पुंजके करतात. काही तर एकजीव होऊन अनेक केंद्रकांची एकच मोठी पेशी बनते. ती दिसली की मला बाईंचा फळा आठवतो. लोक दुखऱ्या गाठीला घाबरतात आणि न दुखणारी महिनोन्‌महिने अंगावर काढतात, याचा मला फार त्रास होतो. न दुखता वाढणारी, टणक गाठ आधी दाखवायला हवी.

नव्या इमारतीत बाईंची प्रयोगशाळा राहिली नाही, हे पाहून वाईट वाटलं. पडद्यावर पेशी सुंदर दिसतात, पण भिंगाखाली स्वतः शोधून सापडलेली पेशी विसरत नाही. माझा जुना सूक्ष्मदर्शक आणि स्लाइड्सची पेटी मी शाळेला देतो आहे. नववीच्या मुलांना त्या दाखवायला मी स्वतः येईन. मुख्याध्यापकांनी फक्त वार कळवावा.